वीणेची तार

प्रिय बाळा,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुख्य परीक्षा पुन्हा थोडक्यात हुकली, याचं मलाही वाईट वाटलं. पण ‘रोज वंदना घेतो तरी बळ येत नाही, माझी श्रद्धाच कच्ची असेल’ हे काही पटलं नाही. बुद्धाला साकडं घालायचं नसतं, हे तू दुसऱ्यांना समजावून सांगतोस. तरी निकाल जवळ आला की आपण वंदनाही नवसासारखी म्हणायला लागतो. तुझं तेच झालंय.

आणि ते अठरा तास! जयंतीला आपण बाबासाहेबांच्या नावानं अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घेतो, तो एक दिवसाचा. तू तो वर्षभर लावून धरलास.

सोण कोळिविसाची गोष्ट ऐकली आहेस का? श्रीमंताघरचा, लाडात वाढलेला पोरगा. भिक्खू झाला आणि राजगृहाजवळ शीतवनात चंक्रमण, म्हणजे चालत-चालत ध्यान, करत राहिला. इतका चालला, की तळपाय फुटून वाट रक्तानं माखली. तरी मन मुक्त होईना. मग त्याला वाटलं, घरी जावं, पैसा आहे, दानधर्म करावा. भगवान बुद्धांनी त्याला घरच्या वीणेबद्दल विचारलं. तार फार ताणली तर वाजते का? नाही. सैल सोडली तर? तीही नाही. मग प्रयत्नाचीही तार तशीच लाव, म्हणाले. पुढे तो अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झाला. रक्त सांडलं म्हणून भगवंतांनी त्याची पाठ थोपटली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक बघ. विहारात पंचशील देताना भन्ते कालचा हिशोब मागत नाहीत. काल खोटं बोललेला माणूसही आज सगळ्यांबरोबर ‘मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि’, म्हणजे खोटं न बोलण्याचं शील घेतो, असं म्हणतो. मोडलं तर पुन्हा घ्यायचं. चिकाटी म्हणजे मला तरी एवढंच कळलंय.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी तेवढी घेऊन ठेवली. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, काही उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. भाषणांत मधली ही वर्षं लोक गाळतात. तू गाळू नकोस. मिळेल ती नोकरी धर. वयोमर्यादा आहे तोवर फॉर्म भरता येईल.

पहाटे दहा मिनिटं आनापान कर. मन पळालं की न चिडता श्वासावर आण. रात्री अकराला दिवा बंद. घरी फोन कर. आई निकालापेक्षा तुझ्या आवाजाला जास्त घाबरलीय.

पुढच्या पत्रात मार्कांचं नको, किती झोपलास ते लिही.

तुझी,
मावशी