रेंडर लागलंय म्हणणाऱ्या भावास

काय भो, कसा शेस?

तू एडिट करून पाठवलेला गाण्याचा कट बघितला, दोनदा बघितला. अहिराणी लग्नाचं गाणं, डीजेचा ठेका आणि नवरदेव घोड्यावर चढायच्या ऐन जागेला तू केळीच्या बागेवरून जाणारा ड्रोनचा शॉट अकरा सेकंद ठेवलायस. रावेरची केळी देखणी आहे, त्याबद्दल वादच नाही, पण अकरा सेकंदांत लोकांची हळद फिटते रे. बरं नंतर गायिकेचे ओठ गाण्याच्या चार फ्रेम मागं, म्हणजे बाई आधी गाते मग तोंड उघडते. फोल्डरमध्ये फायली किती तर फायनल, फायनल नवी, फायनल खरी, फायनल भाऊ हीच. आणि त्या "हीच"मध्ये नवरदेवच नाही!

हे सगळं कशानं झालं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. गच्चीवर संध्याकाळी गांजाची चिलीम फिरते, मग "जरा मूड बनवतो" म्हणून जॉइंट, मग रात्रभर रेफरन्सच्या नावाखाली रील्स, आणि सकाळी निर्मात्याचा फोन आला की "रेंडर लागलंय," म्हणजे मशीन अजून व्हिडिओ तयार करतंय. तुझं रेंडर इतके दिवस लागलंय की एवढ्यात तापीवर पूल बांधून झाला असता.

मी तुला बापासारखा रागवायला लिहीत नाहीये. तुझा हात चांगला आहे, कट कुठं मारायचा हे तुला आतून कळतं, मी एडिटिंगला बसवलेल्या पोरांपैकी फार कमी जणांना ते कळतं, म्हणून जीव तुटतो. गांजा नेमका त्याच जागी मारतो. ओढला की काही मिनिटांत चढतो, दोन-तीन तास जोर राहतो, आणि तेवढ्या वेळात वेळेचा अंदाज बिघडतो, आत्ता काय बघितलं ते लक्षात राहत नाही, मग तिसऱ्या टेकमधला नाच चांगला होता की पाचव्या हे कसं आठवणार तुला? एडिटरचं भांडवल काय असतं सांग? वेळेचा अंदाज आणि आठवण, बाकी सॉफ्टवेअर तर बारावीचं पोरगंही शिकतं. तेच दोन्ही गहाण टाकून कामाला बसायचं म्हणजे विहिरीला मोटर बसवून पाइपच कापून ठेवण्यासारखं झालं.

तू म्हणशील, भाऊ पण ओढल्यावर आयडिया भारी येतात. हे सगळेच म्हणतात, पोस्टर डिझाइनवाले म्हणतात, नाटकवाले तर फारच म्हणतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २०१२ पासून गांजा कायदेशीर आहे, तिथल्या ओढणाऱ्या लोकांवर अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला. नुकतंच ओढलेल्यांना आयडिया काढायला लावल्या, शुद्धीत असलेल्यांनाही लावल्या. ओढलेल्यांना स्वतःच्याही आयडिया भारी वाटल्या आणि दुसऱ्यांच्याही भारी वाटल्या, पण बाहेरच्या लोकांनी तपासल्या तर दोन्हीकडच्या सारख्याच. म्हणजे आयडिया वाढत नाही भो, वाहवा वाढते, आणि ती पण आपलीच आपल्याला. तुझी केळी अशीच अकरा सेकंद झाली, पान न पान तुला भारी वाटत गेलं. आपल्या धंद्यात स्वतःचं काम टाकाऊ आहे हे कळणं ही निम्मी कला आहे, तीच गेली तर राहिलं काय.

आणि "कलाकार असाच असतो, त्याच्या झोनमध्ये" हे मला सांगू नको. चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस बघ, १९१२ चा जन्म, १९८९ ला गेले, अनेक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. याच्यापेक्षा मोठा झोन कुठला? पण तो माणूस आत बसून काम करत होता, टेबलावर किरकोळ वस्तू मांडून, उजेड लावून असे फोटो काढायचा की बघणाऱ्याला खरा देखावा वाटावा. चाळीसगाव स्टेशनजवळच त्यांचं घर आहे, तिथं त्यांचं काम जपून ठेवलंय, एकदा जाऊन ये. आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंना तर झोन म्हणजे जातं आणि शेत, दळता दळता ओव्या झाल्या.

कायद्याचं पण सांगतो कारण तुमच्या गच्चीवर एक वकील आहे असं दिसतंय. "एक किलोच्या आत चालतं" हे साफ खोटं. १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाणात मोजतात एवढंच, सापडला तर त्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिरपूरकडं सातपुड्याच्या पायथ्याला पिकात लपवलेला गांजा पोलिसांनी उपटला अशा बातम्या तू वाचतोसच, तोच माल फिरत फिरत तुमच्या गच्चीवर येत असेल.

आता एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नको. तुझ्या त्या कॅमेरावाल्या मित्राकडं कुत्ता गोळी असते असं कानावर आलंय. मालेगाव-धुळ्याकडं पोरं जिला कुत्ता गोळी म्हणतात ती अल्प्राझोलाम, झोपेची-घबराटीची डॉक्टरनं लिहून द्यायची गोळी. दारूत किंवा खोकल्याच्या औषधात मिसळून घेतली तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो. आणि रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून त्याला "सोड आजपासून" म्हणून शपथ घालू नको, डॉक्टरकडं ने, तेच हळूहळू कमी करतील. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. तो नाही म्हणाला तर तू लाव, तुझ्याकडून नसेल होत तर मला सांग, मी लावतो.

बाकी आळसाचं म्हणशील तर तो सगळा गांजाचा नाही हे मला कळतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आलेल्या गाण्याचे पैसे दिवाळी आली तरी मिळत नाहीत, मग मशीनसमोर बसावंसंच वाटत नाही, आणि न बसायला काहीतरी कारण लागतं. त्याचा राग चिलीम ओढून काढू नको. यापुढं निम्मे पैसे हातात आल्याशिवाय फुटेज कॉपी करायचं नाही, दुरुस्त्या दोनदाच, तिसऱ्यांदा बदल सांगितला की वेगळे पैसे, आणि हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं. या गाण्याच्या निर्मात्याशी मी बोललोय, तो शुक्रवारी ॲडव्हान्स टाकतो म्हणाला, नाही टाकला तर शनिवारी आपण दोघं त्याच्या दुकानावर जाऊ. तोवर केळी तीन सेकंदांवर आण आणि नवरदेव परत घाल.