कडक भाकरी आणि लिंबू

प्रश्न : शिडाच्या जहाजांवर इंग्रज खलाशी महिनोन्‌महिने खायचे तरी काय?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आपली कडक भाकरी डोळ्यांपुढे आणा, फक्त गव्हाची, अन् सोंडे पडलेली. तिला ते बिस्किट म्हणत. खाण्याआधी आपटायची, किडे झडायचे. जोडीला पिंपातलं खारवलेलं मांस.

माझी आई प्रवासाला कडक भाकऱ्या नि शेंगाचटणी फडक्यात बांधून द्यायची, वर एक लिंबू हमखास. खलाशांचं अडायचं ते या लिंबापाशी. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, भरलेल्या जखमा पुन्हा उलायच्या. हा स्कर्व्ही रोग.

१६०१ साली ईस्ट इंडिया कंपनीची पहिली चार व्यापारी जहाजं सुमात्राकडे मिरीसाठी निघाली. ताफ्याचा प्रमुख जेम्स लँकेस्टर आपल्या ‘रेड ड्रॅगन’वर रोज सकाळी अनशापोटी तीन चमचे लिंबाचा रस पाजायचा. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी पोचेपर्यंत बाकी तिन्ही जहाजांवरची माणसं इतकी खंगली, की नांगर टाकायलाही याच्या खलाशांना जावं लागलं.

एवढं दिसूनही ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नेमाने मिळू लागला तो १७९५ पासून. आईने ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता.