सट्टा-रमी सोडलेल्या माणसांना गावातल्या गावात आधार कसा द्यावा?

तुम्ही लिहिलंय की मोठ्या भावानं मटका आणि मोबाइलवरची रमी सोडली आहे, गावातले आणखी दोघं-तिघं सोडायच्या विचारात आहेत, डॉक्टर थेट यवतमाळला, आणि जवळपास असा कुठलाच गट नाही. तर तुम्ही चार पोरं मिळून काही करू शकता का, आणि घरच्या बायकांना त्यात घ्यावं का, असं विचारलंय. नक्की करू शकता. मी हिंगणघाटकडचा शेतकरी. मी स्वतः या नादातून बाहेर आलो आणि आता आजूबाजूच्या गावांत अशा माणसांना भेटायला जातो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे भेटायला पैसा येतो तेव्हा जायचं. लोक जातात ते माणूस हरल्यावर, घरात भांडण झाल्यावर. तेव्हा तो पोराबाळांची शपथही घेतो, कारण खिशात दमडी नसते. आपल्याकडे नोकरदारासारखा महिन्याच्या महिन्याला पगार येत नाही. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या तोंडावर, कापसाचा चुकारा त्यानंतर, मार्चमध्ये सोसायटीचं नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलणं, मग पेरणीच्या आधी पीककर्ज. वर्षभराचा पैसा मोजक्या दिवसांत हातात पडतो आणि त्याच दिवशी डोक्यात हिशेब सुरू होतो की यातले पाच हजार लावले तर मागचं सगळं निघून येईल. गेलेलं भरून काढायची ही ओढ म्हणजे या आजाराचा गाभा आहे. आजार हा शब्द मी जपून वापरतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराची लत दारू-गांजाच्या व्यसनांच्या शेजारीच नोंदवलेली आहे.

म्हणून आमच्याकडे प्रत्येकाच्या तारखा लिहिलेल्या असतात. सोयाबीन कधी निघणार, कापूस कधी विकणार, हप्ता कधी जमा होणार. त्यात पोळा धरायचा, कारण पोळ्याला गावोगावी पत्त्यांचे डाव बसतात, आणि उन्हाळ्यातली आयपीएल धरायची. त्या आठवड्यात फोनवर भागत नाही, सोबत राहावं लागतं.

गेल्या हंगामात आमच्यातल्या एकाचा कापूस होता. आम्ही दोघं त्याच्यासोबत जिनिंगवर गेलो. काटा झाला, गाडी खाली झाली, बाहेर पानठेल्यावर चहा घेत बसलो. चुकारा त्याच्या बायकोच्या खात्यात जाणार हे आधीच घरात बसून ठरवलं होतं, तरी गडी घडीघडी मोबाइल काढून बघायचा. म्हणाला, "मेसेज तिले येईन, मले माहीत हाय, पण हात रायत नाही ना भाऊ." आम्ही त्याला एक शब्द उपदेशाचा केला नाही. पऱ्हाटी उपटून चना टाकायचा की तीळ, यावर बोलत बसलो आणि अंधार पडायच्या आत त्याला घरी सोडून आलो. त्या दिवसाचं काम तेवढंच होतं.

जायचं ते दोघांनी. एकटा गेलेला माणूस ऐकता ऐकता गुंतत जातो, उसने पैसे देऊन बसतो, किंवा स्वतःच ढिला पडतो. आणि दोघांतला एक तरी खेळून सुटलेला हवा. तुम्ही चौघं कधी खेळला नसाल तर तुमच्या भावालाच पुढं करा. "तुला काय कळते?" हे वाक्य त्याच्यापुढं चालणार नाही, आणि दुसऱ्याला धरून ठेवताना त्याचाही पाय घट्ट रोवला जाईल. 1957 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला गॅम्बलर्स ॲनॉनिमस सुरू झालं तेही याच पायावर, नाद लागलेल्यानं नाद लागलेल्याला भेटायचं. त्याला इमारत लागत नाही. समाजमंदिर चालेल, शाळेची ओसरी चालेल. आम्ही गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आटोपली की तिथंच सतरंजीवर बसतो. कोण काय बोललं ते बाहेर जात नाही, आणि कुठल्या पट्टीवाल्याकडे, म्हणजे मटक्याचे आकडे घेणाऱ्याकडे, लावायचो त्याचं नाव कोणी घेत नाही. नावं निघाली की पोलीस, राजकारण, भाऊबंदकी सगळं आत शिरतं.

आता कर्जाचं. कोणाचंही कर्ज तुम्ही फेडायचं नाही, शंभर रुपयेसुद्धा नाही. दिलेला पैसा डावात जातो, आणि डावात गेला नाही तरी "कोणीतरी निस्तरेल" ही सवय पक्की होते. त्याऐवजी सोबत बसून त्याची यादी करायची. गॅम्बलर्स ॲनॉनिमसच्या गटांमध्ये ही पद्धतच आहे : अनुभवी दोघं-तिघं नवा माणूस आणि त्याची बायको यांच्यासोबत बसतात, सगळी देणी कागदावर घेतात आणि प्रत्येकाला थोडं थोडं कसं द्यायचं ते ठरवतात. आम्ही शाळेची दोनशेपानी वही घेतो. पहिल्या बैठकीत आकडा खरा येत नाही, हे धरूनच चाला. सोसायटी, सोनं गहाण, कृषी केंद्राची उधारी, एवढं निघतं. मग वहिनी हळूच विचारतात, "अन् मामाजीकडचे?" आणि माणूस खाली बघतो. तिथं घाई करायची नाही. वही मिटायची, चहा घ्यायचा, दुसऱ्या दिवशी परत बसायचं.

यादीतली सट्ट्याची उधारी वेगळ्या पानावर लिहा. भारतीय करार कायदा 1872, कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, त्यात जिंकलेल्या पैशासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. हे कळलं की माणसाच्या छातीवरचा अर्धा धोंडा उतरतो. धमक्या येत असतील तर एकट्यानं बोलायला जाऊ नये, गावातले चार जाणते लोक सोबत असावेत. विनापरवाना सावकार असेल तर 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते.

ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली. त्यात शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, हे तुमच्याकडच्या पोरांना मुद्दाम सांगा. भीतीमुळं ती तोंड उघडत नाहीत. मटक्याच्या अड्ड्यावर सापडलं तर मात्र 1887 चा जुना जुगार प्रतिबंधक कायदा खेळणाऱ्यालाही लागतो. आणि ॲप बंद झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. परदेशातून चालणाऱ्या लिंका फिरत असतात आणि फाट्यावरचा पट्टीवाला तर कुठं गेलेलाच नाही. भावाच्या मोबाइलमधून यूपीआय काढून ठेवलेलं बरं. रोख लागेल तेवढी घरातून घ्यावी.

एका गोष्टीत हयगय नको. जुगाराच्या नादात आत्महत्येचा धोका मोठा असतो, आणि आपल्या भागात घराघरात फवारणीचं औषध पडलेलं असतं. कर्जाची यादी बाहेर आली की पुढचे काही दिवस जास्त जपायचे. ते डबे घरातून हलवा, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा, कारण विचार येतो त्या घडीला हाताशी विष नसेल तर जीव वाचतो. आणि सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मग यवतमाळला न्या, किंवा सेवाग्राम, सावंगी जे जवळ पडेल तिथं मानसोपचार विभागात. झोप उडालेली, दारूही सुरू असलेली माणसं आमच्यासारख्यांच्या बसण्यानं बरी होत नाहीत, त्यांना डॉक्टर लागतो. तुम्ही गाडीत सोबत बसायचं.

कोणी परत खेळला तर बैठकीतून काढू नका. फक्त त्याच संध्याकाळी वही उघडा, किती गेले ते लिहा, आणि त्या दिवशी पैसा कुठून हातात आला होता ते शोधा. बहुतेक वेळा तुमच्या तारखांमध्ये नसलेला एखादा पैसा असतो : विकलेली शेळी, विम्याची रक्कम, भाच्यानं परत केलेले उसने.

बायकांना घ्यावंच, पण त्यांची बैठक वेगळी लावा. नवऱ्यासमोर त्या बोलत नाहीत. बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज त्यांच्या नावावर उचललेलं असतं आणि हप्ता भरायला त्या स्वतःच मजुरीला जातात, हे वेगळ्या बैठकीतच बाहेर येतं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी असा वेगळा गट फार पूर्वीपासून चालतो. तुमच्या वहिनींनी पुढाकार घेतला तर उत्तम, नाहीतर गावातल्या आशा सेविकेला विचारा, त्यांना घरोघरची माहिती असते. तुमच्या भावाचा माल कधी विकायचा आहे तेही वहिनींनाच विचारा, आणि त्या दिवशी दोघं जण मोकळे राहा.