एका देशाकडून ऑलिंपिक खेळलेला खेळाडू पुढे दुसऱ्या देशाकडून उतरू शकतो का?

होय, उतरू शकतो. मात्र नव्या देशाचे नागरिकत्व हवे आणि जुन्या देशाकडून शेवटचे खेळल्याला किमान 3 वर्षे उलटलेली असावी लागतात, असे ऑलिंपिक सनदेच्या नियम 41 खालील उपनियमात म्हटले आहे. दोन्ही देशांच्या ऑलिंपिक समित्या व संबंधित आंतरराष्ट्रीय महासंघ राजी असतील, तर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे कार्यकारी मंडळ ही मुदत कमी किंवा रद्दही करू शकते. शॉर्ट ट्रॅक स्केटिंगपटू आन ह्यून-सूने 2006 मध्ये दक्षिण कोरियासाठी 3 सुवर्णपदके जिंकली, 2011 मध्ये रशियाचे नागरिकत्व घेतले आणि 2014 च्या सोची स्पर्धेत, व्हिक्टर आन या नावाने, रशियालाही तितकीच सुवर्णपदके मिळवून दिली. फुटबॉलचे नियम मात्र अधिक कडक आहेत: वरिष्ठ विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूला सहसा संघ बदलता येत नाही.