नेपाळ आणि भूतानमध्ये राहणीमान कुठे चांगलं आहे? भूतान खरंच जास्त विकसित आणि सुखी आहे का?

आधी आकडे देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे होतील. दरडोई उत्पन्नात भूतान नेपाळच्या दुपटीहून पुढे आहे. संयुक्त राष्ट्रांची जी सर्वांत कमी विकसित देशांची यादी आहे, तिच्यातून भूतान डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पडला. नेपाळसाठी नोव्हेंबर २०२६ ठरलाय. मानव विकास निर्देशांकात दोघंही मध्यम गटात, त्यात भूतान वर. रस्ते, स्वच्छता, सरकारी दवाखाना, कचेरीत वेळेवर होणारं काम, सगळ्यात भूतान सरस. झालं उत्तर.

पण तुम्ही प्रश्नात 'सुखी' हा शब्द घातलात, आणि नेमका तोच शब्द घेऊन माझा मेहुणा दर भाऊबीजेला आमच्याकडे येऊन माझं डोकं खातो. २०१९ साली तो भूतानला जाऊन आला. पारो, थिंपू, पुनाखा, सहा रात्री, वाघाच्या गुहेच्या मठापर्यंत अर्ध्या वाटेत घोड्यावरून. तेव्हापासून सुरू आहे. "दाजी, आठवडाभरात एक हॉर्न ऐकला नाही! अख्ख्या राजधानीत एक सिग्नल नाही, नुसता पोलीस हात हलवतो आणि गाड्या थांबतात. नाहीतर तुमचं ते काठमांडू, नाक शिंकरलं की काळं." तुमचं काठमांडू म्हणे. मी तिथे धड आठ दिवससुद्धा राहिलेलो नाही.

मी सर्व्हेअर. जलविद्युत प्रकल्पांच्या बोगद्यांची आणि रस्त्यांची आखणी करण्यात आयुष्य गेलं. २०१३ ते २०१६ भूतानमध्ये मधल्या भागातल्या ट्रोंग्साच्या बाजूला होतो, आणि २०१८ पासून पावणेदोन वर्षं पूर्व नेपाळात, संखुवासभा जिल्ह्यात, अरुण नदीच्या खोऱ्यात. दोन्हीकडे काम तेच. टोटल स्टेशन, म्हणजे अंतर-कोन मोजायचं यंत्र लावायचं, त्याचा आरसा धरणाऱ्या पोराला कड्यावर चढवायचं, रस्त्याच्या मधल्या रेषेवर खुंट्या ठोकायच्या, लाल रंग मारून नंबर टाकायचा. त्यामुळे दोन्ही देश मी खुंटीच्या उंचीवरून पाहिलेत, आणि माझं मत खुंट्यांवरूनच बनलंय.

भूतानमध्ये ठोकलेली खुंटी दोन हिवाळे तशीच राहायची. एका खुंटीला कुणीतरी गाय बांधली होती, छेडछाड म्हणाल तर तेवढीच. एकदा प्रकल्पाकडे जाणाऱ्या रस्त्याची आखणी एका आजींच्या मिरचीच्या वाफ्यातून गेली. तिथे मिरची हा मसाला नाही, भाजी आहे, त्यामुळे वाफा म्हणजे घरचं वर्षाचं जेवण. गुप, म्हणजे त्यांचा सरपंच, घो, म्हणजे पुरुषांचा तिथला पारंपरिक पोशाख, घालून स्वतः आला, दोन शब्द बोलला. आजींनी आम्हाला लोणी-मिठाचा चहा पाजला. मी ड्रायव्हरमार्फत विचारलं, तुमची काही हरकत? त्या हसल्या आणि काहीतरी बोलल्या. ड्रायव्हरने सांगितलं, "म्हणतायत, वरच्यांनी विचार करूनच ठरवलं असेल." मला तेव्हा इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आपल्याकडे एक खुंटी ठोकायची तर अर्धा तास शिव्या खाव्या लागतात. रात्री बायकोला फोन करून म्हणालो, माणसं म्हणजे देव आहेत इथली.

आता अरुण खोरं. २०१८ चा कार्तिक असेल. एका वस्तीच्या वरच्या अंगाने आम्ही चार दिवस खपून एकूण ६३ खुंट्या मारल्या. पाचव्या दिवशी सकाळी गेलो तर एकही नाही. नुसती भोकं. माझा संताप अनावर झाला. ठेकेदार कंपनी (नाव नको) माझ्या पगारातून दिवस कापणार हे नक्की होतं, आणि तिने ते कापलेच. दुपारी निरोप आला, वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयात या. गेलो. पंचवीस-तीस माणसं, निम्म्याहून जास्त बायका. मधोमध जमिनीवर एक डोको, पाठीवरची ती निमुळती बांबूची टोपली. त्यात माझ्या ६३ खुंट्या, मोजून, नंबर वर करून उभ्या रचलेल्या.

बोलायला उठली ती पस्तिशीची एक बाई. शिलाईकाम करणाऱ्या घरातली, म्हणजे त्यांच्याकडच्या जातींच्या उतरंडीत अगदी तळाची. पण वडा सदस्य. नेपाळच्या कायद्याने प्रत्येक वडा समितीत चार सदस्यांपैकी दोन बायका हव्यातच, आणि त्यातली एक दलित. २०१७ साली तिथे वीस वर्षांनी स्थानिक निवडणुका झाल्या, त्यात ही निवडून आली होती. तिने पहिली खुंटी उचलली, नंबर वाचला आणि मला विचारलं, "दाइ, यो कसको पानीमाथि हो, थाहा छ?" ही कुणाच्या पाण्यावर आहे, माहीत आहे का? मला कुठलं माहीत असणार! माझ्या नकाशावर तिथे फक्त उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा होत्या. तिने मग मला वरती नेलं. खडकातून करंगळीएवढी धार येत होती, खाली सिमेंटचं छोटं टाकं, त्याला काळा पाइप. ४० घरांचं पाणी. आमचा रस्ता त्या धारेच्या बरोबर आठ मीटर वरून कापला जाणार होता. सुरुंग लागला असता की धार गेलीच.

अकरा दिवस काम बंद. कंपनीच्या साहेबांनी फोनवरून मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. शेवटी आखणी ७० मीटर वर सरकवली, एक वळण वाढलं, खर्च वाढला. त्या बाईने डोकोतल्या खुंट्या परत दिल्या, एक सोडून. ती तिने टाक्याच्या कडेला पुरली, पाण्याचा पाइप बांधायला.

मेहुण्याला हा किस्सा मी तीनदा सांगितलाय. त्याचं म्हणणं, "म्हणूनच नेपाळमध्ये काही होत नाही. शिस्त नाही." यावर माझं डोकं का फिरतं ते सांगतो. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या एका धरणाच्या पाण्याखाली आहे. आजोबा सांगायचे, सर्व्हेवाले आले तेव्हा गावाने त्यांना भाकरी-पिठलं घातलं, खुंट्या ठोकायला दगड आणून दिले. कुणी एक खुंटी उपटली नाही. शिस्तच शिस्त. मेहुण्याचं घर कायम पुण्यात, नळाला पाणी, त्याला हे कळायचं नाही.

आणि भूतानच्या त्या शांततेबद्दल. माझा तिथला ड्रायव्हर दक्षिणेतल्या सरपांगचा, घरी नेपाळी बोलणारा. तीन वर्षांत तो राजकारणावर एक अक्षर बोलला नाही. मी निघायच्या आदल्या आठवड्यात बोलला. गाडीत आम्ही दोघंच, घाटात चिटपाखरू नाही, तरी त्याने आधी काच वर केली. त्याचा काका १९९१ च्या सुमारास रातोरात निघाला. त्याआधी १९८५ चा नागरिकत्व कायदा आला होता, १९५८ पासून इथे आहात याचा कागद दाखवा म्हणून. मग घो आणि किरा (बायकांचा तसाच पोशाख) यांची सक्ती झाली, शाळेतलं नेपाळी बंद झालं. दक्षिणेतल्या नेपाळी भाषकांपैकी एक लाखाहून जास्त माणसं बाहेर गेली, म्हणजे देशाचा साधारण सहावा हिस्सा. काका झापा जिल्ह्यातल्या छावणीत अठरा वर्षं बांबूच्या झोपडीत राहिला आणि तिथून अमेरिकेत, ओहायोला गेला. २००७ नंतर अशी एक लाखावर माणसं परदेशांत वसवली गेली. भूतानने परत घेतलं नाही.

पुढे नेपाळात असताना एका शनिवारी (तिथली सुट्टी शनिवारी) मी मुद्दाम झापातल्या दमकहून बेलडांगीच्या छावणीत गेलो. बऱ्याच झोपड्या रिकाम्या, उरलेल्यांत बहुतेक म्हातारी माणसं. एका आजोबांना मी भूतानमध्ये होतो असं सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गेलेफूकडे सुपाऱ्या अजून लागतात का?" गेलेफू हे सरपांगमधलंच गाव. आता सांगा, भूतान सरकार लोकांचं सुख मोजायला जी 'सकल राष्ट्रीय सुखा'ची पाहणी करतं, तिच्यात यांना कुठल्या रकान्यात टाकायचं? जे हाकलले गेले ते मोजणीतच नाहीत.

तरी विकासाचं बोलायचं तर भूतानच्या कामाचं श्रेय कमी करायचं नाही मला. शिक्षण-उपचार फुकट, गंभीर पेशंट सरकारी खर्चाने भारतात पाठवतात, ६० टक्के जंगल राखायचं हे थेट राज्यघटनेत. पण हे लक्षात घ्या की भूतानची लोकसंख्या आमच्या सातारा जिल्ह्याच्या चौथाईच्या आसपास आहे. रस्ते १९६१ पासून आपल्या सीमा रस्ते संघटनेच्या 'दंतक'ने बांधले. चुखा प्रकल्पापासूनचे मोठे वीज प्रकल्प भारताच्या पैशाने आणि भारताला वीज विकून उभे राहिले. शेजारी असा खंबीर असला की घर नीटनेटकं ठेवणं सोपं जातं. नेपाळ २ कोटी ९० लाखांचा देश. त्यातले निम्म्याहून जास्त लोक तराईत, सपाटीवर राहतात, त्यामुळे नेपाळला 'डोंगराळ' म्हणतात तेही अर्धंच खरं. १९९६ ते २००६ माओवादी युद्ध, २०१५ ला भूकंपात सुमारे ९,००० मृत्यू, त्याच वर्षी भारताच्या सीमेवरची नाकेबंदी. आणि तरीही बाळंतपणात मरणाऱ्या बायकांचं प्रमाण १९९६ ला लाख जन्मांमागे ५३९ होतं, ते २०२१ च्या गणतीत १५१ वर आलं. त्यातली पहिली दहा वर्षं तर युद्ध चालू होतं! यामागे गावोगावच्या पन्नास हजारांवर महिला आरोग्य स्वयंसेविका आहेत, ज्यांना धड मानधनही मिळत नाही. सामुदायिक वनांचंही तसंच, १९९३ च्या कायद्यानंतर डोंगरावरचं जंगल गावांनी वाढवलं. अरुण खोऱ्यात म्हातारे हात दाखवून सांगतात, हा उतार मी लहान असताना बोडका होता. काठमांडूत हिवाळ्यात १६-१६ तास वीज जायची, तेही २०१६ नंतर संपलं. आता पावसाळ्यात नेपाळ आपल्याला वीज विकतो.

दोन्हीकडची पोरं मात्र पळतायत. नेपाळची आखातात आणि मलेशियात. देशाच्या उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा त्यांनी पाठवलेल्या पैशाचा आहे. अरुण खोऱ्यातल्या तुमलिंगटारच्या विमानात माझ्या शेजारी नेहमी एखादा विशीतला पोरगा नवी बॅग मांडीवर घेऊन बसलेला असायचा. भूतानची पोरं ऑस्ट्रेलियात, त्यातही पर्थला. शिक्षक, नर्स, सरकारी नोकरीवाले राजीनामे देऊन गेलेत. इतकं सुख आहे तर पर्थला काय ठेवलंय, हे मेहुण्याला विचारलं की तो फराळाकडे वळतो.

हो, माझा अनुभव दोन खोऱ्यांचा आहे, त्यावरून देश तोलणं चूक, मान्य. नेपाळमधला भ्रष्टाचार भयंकर आहे, तो मी पाहिलाय, काही वेळा माझ्याच हातून पाकीट गेलंय. सप्टेंबर २०२५ ला तिथली तरुण पोरं रस्त्यावर उतरली, सत्तरहून जास्त माणसं मेली, संसद जळाली, सरकार पडलं. याला कुणी चांगलं राहणीमान म्हणणार नाही. आणि भूतानमध्येही २००८ पासून निवडणुका होतात, दर वेळी लोकांनी सत्तेतला पक्ष बदललाय. म्हणजे तिथले लोक मुके आहेत असं नाही. ती मिरचीवाली आजी काय विचार करत होती, मला थोडंच कळलंय. कदाचित ड्रायव्हरने नीट सांगितलं नसेल.

तुम्हाला नोकरीसाठी जायचं असेल तर डोळे झाकून भूतान. जेवणात चीज-मिरची चालत असेल आणि रात्री आठनंतर करमणूक नको असेल तर उत्तमच. फिरायला जाणार असाल तर भारतीयांना रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क आहे, ते हिशोबात धरा. पण मुलगी वाढवायची असेल, आणि ती चार माणसांत उभी राहून साहेबाला प्रश्न विचारणारी व्हायला हवी असेल, तर मी धूळ पत्करून नेपाळ म्हणेन.

मेहुणा यंदा पशुपतिनाथाला जाणार आहे म्हणे. मास्क घेऊन जा म्हणालो.