युद्धकाळात लष्करी विमान सगळ्या माणसांसकट बेपत्ता कसं होतं?

युद्धात विमान आतल्या माणसांसकट गायब कसं होतं, आणि पाडलंच असेल तर पत्र्याचा तुकडाही का सापडत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकजवळच्या ओझरला विमानांच्या रेडिओ-उपकरणांवर काम करून निवृत्त झालोय, तेव्हा उत्तर थोडं त्याच अंगाने येणार. बऱ्याचदा विमान असतं तिथेच असतं; शोधणारे भलतीकडे शोधत असतात.

अमेरिकेचं 'लेडी बी गुड' नावाचं बी-24 बॉम्बर घ्या. 4 एप्रिल 1943 ला ते लिबियातल्या सोलुकच्या तळावरून इटलीतल्या नेपल्सवर हल्ल्याला निघालं. आत नऊ जण, सगळ्यांची पहिलीच मोहीम. रात्री परतताना दिशादर्शक चालेना, म्हणून वैमानिकाने लिबियातल्याच बेनिनाच्या रेडिओ केंद्राकडे दिशा मागितली. उत्तर आलं, 330 अंश. म्हणजे विमान केंद्राच्या वायव्येला, समुद्रावर. पुढे काहीच कळलं नाही. भूमध्य समुद्रात पडलं असं सगळ्यांनी धरून चाललं.

खरं तर ते तोवर तळ ओलांडून वाळवंटावर गेलेलं होतं. केंद्राच्या लूप अँटेनावरची, म्हणजे दिशा शोधणाऱ्या वेटोळ्याच्या अँटेनावरची, दिशा उलट्या बाजूने वाचली गेली असावी, असा निष्कर्ष नंतरच्या लष्करी तपासात निघाला.

हे कसं होतं ते घरीच बघता येईल. माळ्यावर जुना ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्हवर मुंबई लावा आणि तो टेबलावर सावकाश गोल फिरवा. एका जागी आवाज एकदम बारीक होतो. तेव्हा आतल्या फेराइट कांडीचं (तोही असाच दिशा ओळखणारा अँटेना) टोक मुंबईच्या रेषेत आलेलं असतं. अजून अर्धा फेरा द्या, पुन्हा तसाच बारीक. रेडिओने रेषा दाखवली, पण त्या रेषेवर मुंबई इगतपुरीच्या अंगाला की चांदवडच्या, हे तो बापडा सांगू शकत नाही. खरी बाजू ठरवायला आणखी एक साधा अँटेना जोडावा लागतो. नाशिककराला मुंबई कुठे ते रेडिओने सांगायची गरज नाही हो, पण मध्यरात्री, खाली मिट्ट काळोख, त्या पोरांना दुसरा आधार काय होता?

समुद्र अजून संपला नाही या समजुतीत ते आणखी सुमारे दोन तास उडत राहिले. इंधन संपत आल्यावर पॅराशूटने उड्या टाकल्या. एकाचं पॅराशूट नीट उघडलंच नाही. उरलेले आठ जण वायव्येकडे चालत सुटले, कारण किनारा जवळच असेल असं त्यांना वाटलं. सहवैमानिकाच्या डायरीतली शेवटची नोंद 12 एप्रिलची आहे. विमान मात्र आपोआप वाळूवर पोटावर उतरलं होतं, त्यांच्या मागे दक्षिणेला. 1958 मध्ये तेल शोधणाऱ्यांना ते तळापासून जवळजवळ 700 किलोमीटर आत दिसलं. रेडिओ चालू स्थितीत, प्यायला पाणीही शिल्लक! पंधरा वर्षं कुणी तिकडे फिरकलंच नव्हतं, कारण कागदावर ते समुद्रात होतं.

आता पाडलेल्या विमानाचं. इथे गूढ फारसं नसतंच. 10 डिसेंबर 1971 ला आपल्या नौदलाचं एक अलिझे विमान तिघांसह अरबी समुद्रावर गेलं ते परत आलं नाही. ते पाकिस्तानी एफ-104 ने पाडलं. अलिझे म्हणजे पाणबुड्या हुडकणारं एका पंख्याचं संथ विमान, आणि समोर आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारं लढाऊ विमान. कुणी, कधी पाडलं हे ठाऊक असूनही उपयोग नसतो, कारण शत्रूच्या टप्प्यात शोधविमानं पाठवायची म्हणजे आणखी माणसं गमवायची. युद्ध थांबेपर्यंत तरंगणारं काही उरत नाही, आणि जड भाग समुद्राच्या तळाला गेलेले असतात.

तळाला गेलेलं शोधणं किती अवघड, याचा अंदाज शांततेच्या काळातल्या घटनेवरून येईल. 22 जुलै 2016 ला हवाई दलाचं एएन-32 तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर 29 जणांसह नाहीसं झालं. मार्ग माहीत, शत्रू नाही, जहाजं आणि विमानं दोन्ही शोधायला. तरी अवशेष सापडल्याचं जाहीर झालं ते जानेवारी 2024 मध्ये, तेही सुमारे 3,400 मीटर खोल पाण्यात, पाण्याखाली स्वतः फिरणारं यंत्र सोडल्यावर. 1971 मध्ये असलं यंत्र कुठून आणणार?