डेटाशीटवरच्या ‘एसिल-डी’वर विसंबू नकोस

अरे, गाडीतल्या चिपच्या डेटाशीटवर ‘एसिल-डी’ (वाहन-सुरक्षेची सर्वांत कडक पातळी) दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. चिप बनवणाऱ्याला तुझी गाडी ठाऊक नसते. तो काही गोष्टी गृहीत धरतो आणि त्या सेफ्टी मॅन्युअलमध्ये लिहितो. आधी तेच वाच, पेन्सिल हातात घेऊन, ओळ न ओळ. आयएसओ २६२६२ या वाहन-सुरक्षा मानकाचा २०१८ साली आलेला अकरावा भाग खास सेमीकंडक्टरसाठी आहे, तो त्यानंतर.

लॉकस्टेप या सुरक्षा-रचनेत चिपमधले दोन कोर (प्रोसेसर) एकच कोड चालवतात, कंपॅरेटर उत्तरं ताडून पाहतो. पण कंपॅरेटरच बिघडला तर? म्हणून गाडी सुरू होताना त्याला मुद्दाम चूक दाखवून तपासायचं. माझ्या पहिल्या प्रकल्पात ही चाचणी राहून गेली आणि सुप्त (लपून राहणाऱ्या) बिघाडांच्या मापदंडात एसिल-डीसाठी लागणारे ९० टक्के काही केल्या जुळेनात. मॅन्युअल बाहेरचा वॉचडॉग (चिप अडकली तर ओळखणारं सर्किट) मागत असेल, तर बोर्डावर त्याची जागा आजच राखून ठेव.